बोलायला रोम, ठरवायला जिनिव्हा

समुद्रात कोणी, कुठे आणि कोणत्या जाळ्याने मासे धरायचे याचे नियम आज तीन ठिकाणी होतात. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा चालतो; महाराष्ट्रात तो १९८१ सालचा आहे, तामिळनाडूत १९८३ सालचा. त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत केंद्राचा अधिकार. या दोन्ही सरकारांवर मोर्चा नेता येतो, त्यांना निवेदन देता येतं, निवडणुकीत पाडताही येतं. तिसरं ठिकाण मात्र बंदरावरून दिसत नाही. ते रोमला आहे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत. आणि जिनिव्हात आहे, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि जागतिक व्यापार संघटनेत. तिथे ठरलेली गोष्ट दहा-पंधरा वर्षांनी कोळंबीच्या पडलेल्या भावातून किंवा डिझेल परताव्याच्या वादातून सातपाटीला, हर्णैला पोचते, आणि ती कुणी ठरवली हे विचारायला समोर माणूस नसतो.

त्या तिसऱ्या ठिकाणापर्यंत कोण पोचतं, कसं पोचतं आणि पोचल्यावर त्याच्या पदरात काय पडतं, हा या संग्रहाचा विषय आहे. लॉबिंग म्हटलं की आपल्याकडे लगेच पैशाची पाकिटं आणि दिल्लीतली हॉटेलं आठवतात. तो प्रकार आहेच. पण देशांच्या वरच्या पातळीवर चालणारं बहुतेक लॉबिंग याहून रुक्ष असतं: वर्षानुवर्षं बैठकांना हजर राहायचं, मसुद्यातल्या एका वाक्यासाठी भांडायचं, आपलं म्हणणं एखाद्या देशाच्या प्रतिनिधीच्या तोंडून वदवून घ्यायचं. हे काम मोठ्या कंपन्या पगारी माणसं ठेवून करतात. छोट्या होडीवाल्यांसाठी ते कुणी केलं, असं विचारलं तर उत्तराचा मोठा भाग चेन्नईत सापडतो. म्हणून हा संग्रह चेन्नईपासून सुरू होतो.

अर्थात त्याची पाळंमुळं आपल्याही किनाऱ्यावर आहेत. १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात शिरले आणि गोव्यातल्या रापणकारांच्या जाळ्यात मासे येईनासे झाले. रापण ही अख्ख्या गावाने ओढायची गोष्ट; एक रापण रिकामी आली की उपाशी राहणारी घरं पुष्कळ. मतान्ही साल्ढाणा या शिक्षकाने रापणकारांची एकजूट उभी केली. त्याच सुमारास मद्रासच्या किनाऱ्यावर कट्टुमरमवाले आणि ट्रॉलरवाले यांच्यात मारामाऱ्या, जाळपोळ झाली. दोन्हीकडची कैफियत एकच होती. १९७८ साली वेगवेगळ्या किनारी राज्यांतल्या संघटना मद्रासला जमल्या आणि त्यांनी देशपातळीवरचं व्यासपीठ उभं केलं, तेच पुढचं नॅशनल फिशवर्कर्स फोरम. त्याचे पहिले अध्यक्ष साल्ढाणा होते. १९८० ते १९८३ या काळात गोवा, केरळ, महाराष्ट्र, तामिळनाडू या राज्यांत एकापाठोपाठ एक मासेमारी नियमन कायदे झाले ते या रेट्यामुळे. किनाऱ्यालगतचा पट्टा छोट्या होड्यांसाठी राखला गेला, निदान कागदावर.

मग लक्षात आलं की ट्रॉलर वाढवण्याचा सल्ला देणारी मंडळी राज्याच्या राजधानीत बसलेली नव्हती. परदेशी मदतीचे प्रकल्प, तज्ज्ञांचे अहवाल, कर्जाच्या अटी यांतून तो सल्ला येत होता. १९८४च्या उन्हाळ्यात अन्न आणि कृषी संघटनेने रोमला मत्स्यव्यवसायावर जागतिक परिषद भरवली. तिथे सरकारं होती, तज्ज्ञ होते. मासे धरणारी आणि विकणारी माणसं नव्हती. तेव्हा ३४ देशांतले मच्छीमार आणि त्यांचे पाठीराखे, सगळे मिळून शंभरेक जण, त्याच दिवसांत त्याच शहरात जमले आणि त्यांनी स्वतःची परिषद घेतली. मला वाटतं, या संग्रहातल्या सगळ्या गोष्टींचं मूळ या प्रसंगात आहे. दार उघडत नसेल तर दाराशीच बैठक मांडायची, हे धाडस त्या माणसांनी केलं.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, तिरुवनंतपुरमला या पाठीराख्यांनी संस्था स्थापन केली. इंटरनॅशनल कलेक्टिव्ह इन सपोर्ट ऑफ फिशवर्कर्स हे तिचं नाव. पुढे मी तिला आयसीएसएफ म्हणेन. तिचा न्यास चेन्नईत नोंदलेला आहे, आणि अनेक वर्षं तिचं कार्यालय नुंगमबाक्कमच्या कॉलेज रोडवर होतं. तिथून ‘समुद्र रिपोर्ट’ नावाचं नियतकालिक इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये निघू लागलं. सेनेगलच्या होडीवाल्याला चिलीच्या होडीवाल्याचं काय चाललंय हे मद्रासहून कळत होतं. बंगालच्या उपसागरातल्या देशांसाठी अन्न आणि कृषी संघटनेने चालवलेला मत्स्यव्यवसाय कार्यक्रमही १९७९पासून याच शहरात होता. २००३ साली त्याची आंतरशासकीय संघटना झाली आणि तिचं मुख्यालय चेन्नईतच राहिलं. काशिमेडूच्या बंदरात पहाटेच्या अंधारात लिलाव चालतो, टोपल्या घेऊन बायका बसलेल्या असतात, आणि तिथून काही किलोमीटरवर या समुद्राचे आंतरराष्ट्रीय मसुदे वाचणारी माणसं बसतात. मुंबईत ससून डॉक आहे, वर्सोवा आहे. मसुदे वाचणारं असं ठाणं मात्र आपण उभं केलं नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

आयसीएसएफ ही मच्छीमारांची युनियन नव्हे, आणि तिने तसा दावाही केला नाही. ती पाठीराख्यांची संस्था आहे: संशोधक, कार्यकर्ते, वकील, काही धर्मगुरू. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण आंतरराष्ट्रीय सभागृहात ‘आम्ही अमक्यांच्या वतीने बोलतो’ म्हणणारे पुष्कळ असतात आणि त्यांना ते कुणी सांगितलं हे सहसा कुणी विचारत नाही. जगभरच्या मच्छीमार संघटनांचं स्वतःचं व्यासपीठ २१ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत स्थापन झालं. तोच दिवस आता जागतिक मत्स्यव्यवसाय दिन म्हणून पाळला जातो. तीन वर्षांत त्या व्यासपीठाचे दोन तुकडे झाले. पण दोघांनी आणि आयसीएसएफने रोमच्या कामात एकत्र बसण्याची रीत ठेवली, आणि तिचं फळ मिळालं.

रोममधलं काम कसं चालतं हे जवळून पाहण्यासारखं आहे. अन्न आणि कृषी संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीत मत फक्त देशांना. संस्था निरीक्षक म्हणून बसतात आणि देशांचं बोलून झालं की त्यांना वेळ मिळतो, उरला असेल तर. मसुदा पडद्यावर दिसत असतो. ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात टाकले जातात. कंसातला शब्द कंसातून बाहेर आला तर तो जगभर लागू होणाऱ्या मजकुरात जातो, उडाला तर गेला. निरीक्षकाला कंस उघडता येत नाही. त्याला चहाच्या सुट्टीत एखाद्या देशाच्या प्रतिनिधीला गाठावं लागतं, आपल्या किनाऱ्यावरचं उदाहरण सांगावं लागतं, पर्यायी वाक्य कागदावर लिहून हातात द्यावं लागतं. त्या प्रतिनिधीने ते वाक्य आपलं म्हणून वाचलं तरच ते नोंदीत येतं. श्रेय मिळत नाही, आणि मिळवायचा प्रयत्न केला तर वाक्यही जातं.

छोट्या मासेमारीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं हवीत, ही मागणी अशीच पुढे सरकली. १९९५च्या जबाबदार मासेमारीच्या आचारसंहितेत छोट्या मच्छीमारांसाठी एक कलम मिळालं होतं. २००८ साली बँकॉकला छोट्या मासेमारीवर जागतिक परिषद झाली. तिच्या आधी मच्छीमार संघटनांनी स्वतःची बैठक घेऊन मागण्या पक्क्या केल्या. २०११ साली रोमच्या समितीने तत्त्वं तयार करायला मान्यता दिली. मग सल्लामसलत झाली: १२०हून अधिक देशांतले ४,०००हून अधिक लोक, सहा प्रादेशिक बैठका आणि नागरी संघटनांनी स्वतः घेतलेल्या वीसहून अधिक देशपातळीवरच्या बैठका. मे २०१३ मध्ये सरकारांची वाटाघाटीची फेरी झाली, तीत काम पुरं झालं नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ती पुन्हा भरली.

या सगळ्या काळात आयसीएसएफच्या कार्यकारी सचिव होत्या चंद्रिका शर्मा. फेब्रुवारीची फेरी संपवून त्या चेन्नईला परतल्या आणि मार्चमध्ये मंगोलियातल्या उलानबातरला अन्न आणि कृषी संघटनेच्या आशिया-पॅसिफिक परिषदेसाठी निघाल्या. क्वालालंपूरहून बीजिंगला जाणारं त्यांचं विमान होतं एमएच ३७०. ८ मार्च २०१४च्या पहाटे ते नाहीसं झालं. जूनमध्ये रोमच्या समितीने तत्त्वं संमत केली आणि ती चंद्रिका शर्मांना अर्पण केली. देशांनी मिळून संमत केलेला दस्तऐवज एका संस्थेच्या कार्यकर्तीला अर्पण होणं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. तिथल्या अधिकाऱ्यांना आणि प्रतिनिधींना या बाईंनी काय केलं ते ठाऊक होतं.

तत्त्वांत काय आहे? समुद्रावरचा आणि किनाऱ्यावरच्या जागेवरचा वहिवाटीचा हक्क आहे. मासे सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांचं काम मासेमारीचाच भाग मानलं आहे. स्त्री-पुरुष समतेवर स्वतंत्र प्रकरण आहे. वादळं आणि हवामानबदल आहे. प्रास्ताविकात म्हटलं आहे की जगात पकडल्या जाणाऱ्या माशांपैकी निम्मे छोट्या मासेमारीतून येतात आणि मासे पकडण्याच्या धंद्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक माणसांना तीच काम देते, त्यांतल्या निम्म्या बायका. आणि एक गोष्ट मुद्दाम ठेवलेली नाही: ‘छोटी’ मासेमारी म्हणजे किती लांबीची होडी, किती अश्वशक्तीचं इंजिन, याची व्याख्या. ते प्रत्येक देशाने आपल्याकडच्या मच्छीमारांशी बोलून ठरवायचं आहे. मोठे मासे तिथेच निसटतात. त्याकडे पुढे येतो.

तत्त्वं मात्र ऐच्छिक आहेत. पाळली नाहीत तर काही होत नाही.

जिनिव्हाची गोष्ट निराळी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत हितसंबंधी गटांना थेट मत आहे. प्रत्येक देशाकडून सरकारचे दोन, मालकांचा एक, कामगारांचा एक असे प्रतिनिधी जातात आणि प्रत्येक जण आपापलं मत देतो. २००५ साली तिथे मासेमारीतल्या कामाबद्दलचा करार मताला आला. बाजूने २८८, विरुद्ध ८, तटस्थ १३९. एवढं बहुमत असूनही करार पडला, कारण गणसंख्येसाठी बाजूची आणि विरोधी मिळून २९७ मतं लागत होती आणि झाली २९६. तटस्थांत मालकांचा गट मोठ्या संख्येने होता. विरोध केला असता तर ती मतं गणसंख्येत धरली गेली असती. गप्प राहिल्याने करार पडला. दबावगट काय करू शकतो याचा इतका नेमका पुरावा शोधून सापडणार नाही. दोन वर्षांनी, जून २००७ मध्ये, करार ४३७ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला, २२ तटस्थ. तो २०१७ साली अंमलात आला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

पण या मतदानातही आपला खलाशी कुठे बसतो? कोकणातल्या पुष्कळ बोटींवर पगार नसतो, वाटा असतो. डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा करून उरलेल्या पैशात बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशांचा वाटा. नाखवा स्वतः बोटीवर असतो, त्याचा भाऊ खलाशी असतो. यातला मालक कोण आणि कामगार कोण? श्रम संघटनेच्या रचनेत दोनच खुर्च्या आहेत. करारात शेवटी वाट्यावर काम करणाऱ्याला मच्छीमार मानलं गेलं. आयसीएसएफ आणि इतर संघटना छोट्या मच्छीमारांचा हा प्रश्न तिथे सातत्याने मांडत होत्या. पण त्यांना मत नव्हतंच. मत केंद्रीय कामगार संघटना आणि उद्योग महासंघ यांच्याकडे.

जिनिव्हातलंच दुसरं सभागृह सगळ्यांत बंद आणि सगळ्यांत ताकदवान. जागतिक व्यापार संघटनेत फक्त सरकारं वाटाघाट करतात, आणि तिथला नियम मोडला तर व्यापाराचे फटके बसतात. तरी दबावगट तिथे पोचतातच, फक्त वळसा घालून. अमेरिकेत समुद्री कासवांच्या रक्षणाचा कायदा होता. अर्थ आयलंड इन्स्टिट्यूट या पर्यावरणवादी संस्थेने तिथल्या न्यायालयात जाऊन तो सगळ्या जगाला लावायला भाग पाडलं, आणि १९९६च्या मे महिन्यापासून कासवमुक्तीचं साधन न लावणाऱ्या ट्रॉलरची कोळंबी अमेरिकेत घ्यायची बंद झाली. भारत, पाकिस्तान, थायलंड आणि मलेशिया यांनी तक्रार केली. ऑक्टोबर १९९८च्या निकालात अपिली मंडळाने अमेरिकेच्या अंमलबजावणीतला भेदभाव चुकीचा ठरवला. पण त्याच निकालात बिगरसरकारी संस्थांनी आपणहून पाठवलेली निवेदनं विचारात घेता येतील असंही म्हटलं. तक्रारदार देशांना हे नको होतं. त्यांची भीती अशी की या दारातून आत येतील त्या वॉशिंग्टनच्या श्रीमंत संस्था, काशिमेडूची मच्छीमार सोसायटी येणार नाही. भीती रास्त होती. तरीही कासवांचा प्रश्न खोटा ठरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यावर शेकडो मेलेली ऑलिव्ह रिडले कासवं वाहून आली, तेव्हा बोट ट्रॉलरकडेच दाखवलं गेलं.

आता मुद्दा अनुदानांचा आहे. १७ जून २०२२ रोजी व्यापार संघटनेने मासेमारी अनुदानांवरचा करार स्वीकारला आणि १५ सप्टेंबर २०२५ला तो अंमलात आला. बेकायदा मासेमारीला, आधीच उपसलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला आणि कुणाचंच नियंत्रण नसलेल्या खोल समुद्रातल्या मासेमारीला अनुदान बंद. क्षमता वाढवणाऱ्या अनुदानांचा, म्हणजे डिझेल आणि इंजिनांचा, दुसरा भाग २०२४च्या अबू धाबी परिषदेत अडला. भारताची भूमिका अशी की विकसनशील देशांना दोनशे मैलांच्या आत २५ वर्षांची सूट मिळावी. वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी २०२२ साली जिनिव्हात सांगितलं की भारत एका मच्छीमार कुटुंबाला वर्षाला १५ डॉलरही देत नाही, उलट काही श्रीमंत देश ४२,०००, ६५,०००, ७५,००० डॉलर देतात. भारतीय मच्छीमारांचं शिष्टमंडळही तेव्हा जिनिव्हाला गेलं होतं. त्यांनी सभागृहाबाहेर घोषणा दिल्या.

ही भूमिका मला मूलतः न्याय्य वाटते. दूरच्या समुद्रात ताफे पाठवून ज्यांनी साठे उपसले त्यांनी डोल जाळं टाकणाऱ्याचा डिझेल परतावा मोजत बसणं हे अन्यायाचंच आहे. पण पंचवीस वर्षांच्या त्या सवलतीत कोण कोण शिरतं? आपल्याकडे २०१६च्या फेब्रुवारीत सोमवंशी समितीच्या अहवालावरून पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले. पारंपरिक मच्छीमारांनी त्यासाठी किती वर्षं आंदोलनं केली हे रत्नागिरी-मालवणला ठाऊक आहे. त्याच पर्ससीनचा मालक जिनिव्हात ‘गरीब भारतीय मच्छीमार’ या नावाखाली उभा राहतो. देशाच्या वतीने मांडलेल्या हितात देशातली भांडणं बुजवली जातात. पाल्कच्या सामुद्रधुनीत तर हे उघडंनागडं दिसतं. तामिळनाडूचे ट्रॉलरवाले दिल्लीत आणि चेन्नईत पीडित. पण पलीकडे श्रीलंकेत, युद्धातून उठलेल्या जाफनाच्या तमिळ होडीवाल्यांची जाळी त्यांच्याच तळ ओरबाडणाऱ्या जाळ्यांनी फाटतात. जानेवारी २०१४ मध्ये दोन्हीकडच्या मच्छीमारांची चेन्नईत समोरासमोर बोलणी झाली, पुढेही काही फेऱ्या झाल्या. समेट टिकला नाही, आणि २०१७ साली श्रीलंकेने तळ ओरबाडणाऱ्या ट्रॉलिंगवर कायद्याने बंदी घातली. तरी मच्छीमारांनी मच्छीमारांशी बसून बोलण्याचा तो प्रयत्न मला जिनिव्हातल्या कोणत्याही भाषणापेक्षा मोलाचा वाटतो, आणि त्यावरचा लेख या संग्रहात सर्वांत मोठा आहे.

चाळीस वर्षांचा हिशेब मांडला तर चित्र असं दिसतं. जिथे ऐकून घेतात तिथला कागद बंधनकारक नाही, आणि जिथला कागद बंधनकारक आहे तिथे ऐकून घेत नाहीत. छोट्या मच्छीमारांच्या संघटनांनी रोम जिंकलं. श्रम संघटनेत त्यांना दुसऱ्यांच्या खुर्चीमागे उभं राहावं लागलं. व्यापार संघटनेत त्या रस्त्यावर राहिल्या. हे आपोआप झालेलं नाही. बंधनकारक नियम जिथे होतात तिथे दार बंद ठेवण्यात मोठ्यांचा फायदा असतो, मग ते मोठे देश असोत वा मोठे उद्योग. संग्रहातले काही लेखक यावर असं म्हणतात की ऐच्छिक तत्त्वांत वेळ घालवू नये. मला ते पटत नाही. २०१४च्या तत्त्वांमुळे देशादेशांत सरकारांना विचारायला एक आधार मिळाला. जमिनीचा दाखला नसलेल्या कोळीवाड्याला वहिवाटीचा मुद्दा मांडताना आता जगाने मान्य केलेलं कलम दाखवता येतं. वाढवणसारख्या बंदराच्या लढाईत एवढ्यावर निभाव लागत नाही, हेही तितकंच खरं.

व्यापार संघटनेच्या बाबतीत करण्यासारखं एक काम किनाऱ्यावरच्या सोसायट्यांच्या हातात आहे. आपण देत असलेल्या अनुदानांची माहिती सदस्य देशांना संघटनेला कळवावी लागते. नवा करार स्वीकारणाऱ्या देशाने तर कोणत्या प्रकारच्या मासेमारीला काय दिलं आणि त्या माशांच्या साठ्याची अवस्था काय आहे हेही सांगायचं आहे. महाराष्ट्रात डिझेल परतावा सोसायट्यांमार्फत जातो, म्हणजे कोणत्या बोटीला किती गेला याची मूळ नोंद त्यांच्या दप्तरात असते. डोल जाळ्याच्या होडीला किती आणि मोठ्या ट्रॉलरला किती, हे वेगळं करून दाखवलं तर ‘छोटा’ कोण याचं उत्तर दिल्लीला सोयीने देता येणार नाही. शेवटच्या लेखात अशा तक्त्याचा नमुना आणि मत्स्यव्यवसाय आयुक्तांना पाठवायच्या पत्राचा मसुदा दिला आहे. पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सोसायट्यांनी तो पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत, बोटी किनाऱ्याला असताना, सभेपुढे ठेवावा अशी आमची विनंती आहे.